दहा बाय दहा : जून ते सप्टेंबर २०२४ च्या नोंदी

१ जून २०२४

सुरुवात कुठून करतोय ते आधी लिहून ठेवतो, नंतर सोयीचं आठवायला नको. वय ३६. वजन ७४.२ किलो. एकदाच उचलता येईल असं जास्तीत जास्त वजन : स्क्वॉट (बार खांद्यावर घेऊन बैठक) १२०, बेंच (बाकावर आडवं होऊन छातीवरून बार वर ढकलणं) ८५, डेडलिफ्ट (जमिनीवरचा बार उचलून उभं राहणं) १५०. दंड ३५ सेंमी, मांडी ५७. जिमला तीन वर्षं झाली. पहिल्या वर्षी बारवर दर आठवड्याला अडीच किलो चढत होते, दुसऱ्या वर्षी महिन्याला. गेल्या दिवाळीपासून बेंच ८५ वर ठाण मांडून बसलाय. तीन सेट, पाच रेप, घाम पुसा, घरी जा, एवढ्याने आता काही होत नाही. (रेप म्हणजे वजन एकदा खाली-वर, सेट म्हणजे एका दमात मारलेल्या रेप.)

म्हणून दहा बाय दहा. एका व्यायामाचे दहा सेट, प्रत्येक सेटला दहा रेप, सगळे एकाच वजनावर. जगभर याला जर्मन व्हॉल्यूम ट्रेनिंग म्हणतात, व्हॉल्यूम म्हणजे एकूण किती मारलं ते. सत्तरच्या दशकात जर्मनीतले वेटलिफ्टिंग प्रशिक्षक रॉल्फ फेझर स्पर्धा नसतील त्या महिन्यांत खेळाडूंच्या अंगावर मांस चढवायला हे करून घेत. कॅनडाचा जॅक डेमर्स, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकचा रौप्यविजेता, त्याच्या प्रचंड मांड्यांचं श्रेय याच पद्धतीला देतात. नव्वदच्या दशकात चार्ल्स पोलिक्विन यांनी ती साध्या जिमवाल्यांपर्यंत आणली.

नियम थोडेच आहेत. वजन कमाल ताकदीच्या ६० टक्के. खाली जाताना चार सेकंद, वर येताना दोन. दोन सेटमध्ये ६० ते ९० सेकंद विश्रांती. शंभरच्या शंभर रेप झाल्या तरच पुढच्या वेळी चार-पाच टक्के वाढवायचं. पाच दिवसांची फेरी : छाती-पाठ, पाय, सुट्टी, दंड-खांदे, सुट्टी. अशा सहा फेऱ्या. डेडलिफ्ट यातून बाहेर ठेवलीय. दमलेल्या कंबरेने शंभर डेडलिफ्ट मारायला मी काही विशीतला नाही.

३ जून

बेंच ५० किलो. १०, १०, १०, १०, १०, १०, ९, ८, ७, ८. एकूण ९२. सोबत लॅट पुलडाउन (बसून वरची दांडी छातीकडे ओढणं) ४५ किलो, त्याच्या शंभर पूर्ण.

पहिल्या तीन सेटना हसू येत होतं. ५० किलो म्हणजे माझा वॉर्म-अप. सहाव्याला हसू गेलं. नवव्याला बार छातीवरून उठेना आणि शेजारच्या पोराने दोन बोटं लावली. गंमत म्हणजे दहावा सेट नवव्यापेक्षा बरा गेला. असं होतं हे वाचलं होतं, पण विश्वास नव्हता.

खरी अडचण वेगळीच. संध्याकाळी सात वाजता आमच्या जिममध्ये बेंच दोन आणि माणसं पंचवीस. "दादा, किती सेट राहिले?" या प्रश्नाला "अजून सात" हे उत्तर देताना माणसाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

४ जून

स्क्वॉट ७० किलो. आज लोकसभेचा निकाल, त्यामुळे जिमचा टीव्ही फुल्ल आवाजात. तिकडे मतमोजणी, इकडे माझी सेटमोजणी, आणि दोन्हीकडे आघाडी-पिछाडी. सहावा की सातवा यात घोळ झाला. कमी मारले म्हणून रुखरुख नको, म्हणून एक जास्तच मारला. बहुतेक अकरा झाले.

घरी आल्यावर लेकीच्या पाटीपेटीतून दहा चिंचोके मागून घेतले. ती त्यावर बेरजा करते. पुढच्या वेळेपासून दहा चिंचोके रॅकच्या (बार ठेवायच्या चौकटीच्या) डावीकडे ठेवायचे, सेट झाला की एक उजवीकडे. "परत देणार ना?" असं तिने तीनदा विचारलं.

६ जून

दंड-खांदे ठीक. मांड्यांचं विचारू नका. जिना उलटा उतरतोय. आमच्या ऑफिसात देशी पद्धतीचा संडास आहे, यापेक्षा जास्त लिहीत नाही.

१० जून

काल रविवार, जिम बंद, म्हणून पायाचा दिवस आज. पाच दिवसांची फेरी सात दिवसांच्या आठवड्यात बसत नाही, हे ती आखणाऱ्याच्या लक्षात आलं नसावं, किंवा त्याच्या गावात रविवारी जिम उघडी असावी.

आजपासून पहाटे साडेपाचला. जिममध्ये मी, झाडू मारणारे मामा आणि पंख्याचा आवाज. रॅक माझी. स्क्वॉट ७० वर ९६ रेप. 

१२ जून

पायांचं दुखणं मागच्या वेळच्या निम्म्यावर आलंय. शरीर हे फार पटकन शिकतं. पहिल्या वेळी चार दिवस लंगडलेला माणूस दुसऱ्या वेळी दोन दिवसांत सरळ चालतो. त्यामुळे दुखणं म्हणजे प्रगती हे गणित मी सोडून दिलंय.

१५ जून

काल बेंचला ९७. आज स्क्वॉटला शंभर पूर्ण. पुढच्या वेळी ७२.५.

आठवा सेट नीट लिहून ठेवतो, कारण सगळा कार्यक्रम त्या एका सेटमध्ये आहे. बार खांद्यावर घेताना वजन तेच, पण मानेखालची कातडी आता हुळहुळलेली असते. पहिल्या तीन रेप श्वासाच्या तालावर जातात. चौथीला मांडीत जळजळ सुरू होते, सहावीला ती गुडघ्याच्या वर गोळा होते. सातवीला मी तळाशी थांबतो, जे नियमात नाही. आठवीनंतर उभा राहून दोन श्वास घेतो, तेही नियमात नाही. नववीला पाठ पुढे झुकते. दहावी कशी झाली ते आठवत नाही. बार रॅकवर आदळतो, चिंचोका उजवीकडे सरकतो आणि घड्याळात नव्वद सेकंदांतले वीस आधीच गेलेले असतात.

आणि पहिला सेट? पहिल्या सेटला मी मनात ऑफिसच्या मेलचं उत्तर लिहीत होतो.

२५ जून

स्क्वॉट ७५, शंभर पूर्ण. साडेसात टन. आमच्याकडच्या उसाच्या टायरगाडीत दोन टनांच्या आसपास ऊस बसतो, म्हणजे पावणेचार गाड्या पाठीवरून उतरवल्या. हे आकडे भावाला सांगितले. तो म्हणाला, "मग कारखान्याला जा की, दर तरी मिळेल."

पण आज मामांना फोन धरायला सांगून शूटिंग काढलं आणि सगळा नूर गेला. पहिल्या सेटला खाली जायला चार सेकंद लागतात. आठव्याला जेमतेम दीड. खोलीही चार बोटं कमी. म्हणजे ७० वरून ७५ वर गेलो ते पायांच्या जोरावर की घड्याळ चोरून? वजन पाच किलोंनी वाढलं, रेप मात्र बारीक झाल्या. वहीत शंभर लिहिलंय. आता त्याच्यापुढे कंसात ८० लिहितो.

२७ जून

उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला ठणका. बेंच, पुलडाउन, बारबेल कर्ल, डिप्स, सगळ्यांचे शंभर-शंभर एकाच सांध्यातून जातात हे आखताना सुचलं नाही. कर्ल बंद. हातोडीसारखी मूठ धरून हलक्या डंबेलचे तीन सेट, बस्स.

१ जुलै

पायाचा शेवटचा दिवस. ७५ वर चार सेकंद प्रामाणिकपणे मोजून ९१. मागच्या वेळच्या शंभरांपेक्षा या ९१ जड होत्या.

५ जुलै

सहा फेऱ्या काल संपल्या. वजन ७५.३, दंड ३५.४, मांडी ५८. मांडीला एक सेंटिमीटर, एवढं खरं. ताकद तपासली : स्क्वॉट १२०, ओढूनताणून. बेंच ८५, तोच. डेडलिफ्टला हात लावला नाही, कंबर ताठरलीय.

दमलेल्या अवस्थेत तपासणी करू नये हे मला माहीत होतं. तरी केली. आठ-दहा दिवस थांबलो असतो तर आकडा वेगळा दिसला असता.

सगळ्यात वाईट म्हणजे झोप. पहाटेच्या व्यायामासाठी पावणेपाचला उठणं आणि रात्री साडेअकराला आडवं होणं, हे साडेतीन आठवडे चाललं. वहीत सेट, रेप, किलो, सेकंद सगळं आहे. झोपेचा रकानाच नाही.

७ जुलै

आबांकडे गेलो होतो. चुलत आजोबा, वय ८१, तरुणपणी तालमीत राहिलेले. माझी वही त्यांना वाचून दाखवली. शंभर बैठका ऐकून त्यांना काही विशेष वाटलं नाही, खांद्यावर ७५ किलो म्हटल्यावर मात्र भुवया वर गेल्या.

"आन् दुपारचं निजतोस का?"

"आबा, मी बँकेत आहे."

"मंग?"

तालमीत पहाटे मेहनत, मग खुराक, मग वस्ताद दुपारी सगळ्यांना सक्तीने झोपवायचे, संध्याकाळी पुन्हा लढत. पाचशे बैठका मारणाऱ्या पैलवानाचा निम्मा दिवस पाठ टेकण्यात जायचा, असं ते सांगत होते. जोर-बैठका हेसुद्धा व्हॉल्यूमच, आणि आपल्याकडे तो जर्मनीच्या कितीतरी आधीपासून आहे. आपण त्यातल्या बैठकाच तेवढ्या लक्षात ठेवल्या. झोप, दूध, बदाम विसरलो. निघताना आबांनी पिशवीत खारका घातल्या.

८ जुलै

हलका आठवडा चालू, म्हणून वाचायला वेळ मिळाला. २०१७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी नेमका हाच प्रश्न तपासला होता. १९ पुरुष, सहा आठवडे. एका गटाला मुख्य व्यायामांचे दहा सेट, दुसऱ्याला पाच. बेंच आणि लॅट पुलडाउनची ताकद पाच सेटवाल्यांची जास्त वाढली. दहाने जादा काही दिलं नाही. १९ माणसं म्हणजे फार नाहीत, त्यावर आयुष्य बेतू नये. पण माझी वही त्यांच्याच बाजूने बोलतेय.

मला कळलं ते असं. ६० टक्के वजन मी ताज्या पायांनी वीसेक वेळा उचलू शकतो. दहावर थांबलो तर अजून दहा शिल्लक. असे पहिले चार-पाच सेट स्नायूला फारसं काही सांगत नाहीत, नुसते पुढच्या सेटसाठी थकवतात. शेवटच्या चार-पाच सेटना खरी ओढ लागते, पण तोवर फॉर्म गेलेला असतो. म्हणजे दहातले मोजण्यासारखे किती? माझ्या हिशेबाने पाच, आणि तेही वाकडे.

मग ते पाच सरळच का मारू नयेत?

दुसरा टप्पा : १५ जुलै ते २३ ऑगस्ट. सोमवार-गुरुवार वरचं अंग, मंगळवार-शुक्रवार पाय. मुख्य व्यायामाचे पाच सेट, दहा रेप, ६८ टक्क्यांच्या आसपास. विश्रांती अडीच मिनिटं. अंगात एक-दोन रेप शिल्लक असताना थांबायचं. दर स्नायूला आठवड्यात दहा सेट, पण दोन वेळांत वाटून. झोपेचा रकाना आजपासून.

१५ जुलै

बेंच ५७.५ : १०, १०, १०, ९, ८. झोप ७ तास. पाचच चिंचोके बाहेर काढले. डबा हलवला की उरलेले पाच खुळखुळतात.

दहा बाय दहाला छाती-पाठ मिळून सव्वा तास जायचा. आज पन्नास मिनिटांत बाहेर. काहीतरी विसरलोय असं दिवसभर वाटत राहिलं.

२६ जुलै

पंचगंगा चढलीय, शहरातले बरेच रस्ते बंद, जिमही बंद. घरात जोर आणि बैठका. लेक पाठीवर बसली तर १९ किलो जादा, पण ती दहाव्या जोराला कंटाळून उतरते.

३१ जुलै

हे लिहायला जड जातंय.

संध्याकाळच्या बॅचमधला एक पोरगा, बावीसचा, जूनमध्ये माझे चिंचोके बघून हसायचा. मध्ये दीड महिना जिमला आला नव्हता. परवा परत आला आणि पहिल्याच दिवशी स्क्वॉटचे दहा बाय दहा मारले. माझ्याच वजनावर, ७० किलोवर. मी तिथे नव्हतो. आज दुपारी त्याचा फोन : "दादा, मांड्या दगड झाल्यात, वाकता येत नाही. नॉर्मल आहे ना?" मी हसत विचारलं की लघवी कशी होतेय. म्हणाला, कोऱ्या चहासारखी.

हसणं थांबलं. हे नुसतं अंग दुखणं नव्हे. स्नायू अति फाटले की त्यातला मायोग्लोबिन रक्तात येतो आणि मूत्रपिंडावर भार टाकतो. लिंबूपाणी पिऊन वाट बघायचं दुखणं नाही हे. त्याला ताबडतोब दवाखान्यात जायला सांगितलं, अर्ध्या तासाने मीही पोचलो. रक्त तपासलं, दाखल करून सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात.

त्याची आई बाहेर बाकड्यावर बसली होती. "तुमच्यासारखंच केलं म्हणाला तो," एवढंच बोलली. रागाने नाही. मला राग परवडला असता.

मी ७० किलोवर गेलो तेव्हा माझ्यामागे तीन वर्षं होती, तरी जिना उलटा उतरत होतो. हे चिंचोक्यांवर लिहिलेलं नसतं.

३ ऑगस्ट

पोरगा घरी आला. महिनाभर जिम बंद.

५ ऑगस्ट

श्रावण लागला. काल अवसेला घरोघरी तांबडा-पांढरा झाला, आजपासून महिनाभर अंडीसुद्धा नाहीत. वजनाच्या किलोमागे १.६ ग्रॅम प्रथिनं धरली तर मला दिवसाला साधारण १२० ग्रॅम लागतात. पनीर, मटकी, दूध, हरभरे यांनी ऐंशीच्या पुढे जाता येतं, पण ओढाताण होते. सोयाबीनच्या वड्या स्वस्त आणि मस्त, ५० ग्रॅम कोरड्या वड्यांत २५ ग्रॅमच्या आसपास मिळतात. बायकोने कांदा-लसूण न घालता त्यांचा रस्सा केला. मटणाची आठवण करून देण्याइतका चांगला झाला, हाच त्याचा दोष.

सोमवारचा उपास ठेवत नाही. आईला ते आवडलेलं नाही. बेंच ६०, पाचही सेट पूर्ण.

८ ऑगस्ट

काल रात्री पॅरिस ऑलिंपिकमधली मीराबाई चानूची वेटलिफ्टिंगची स्पर्धा बघत बसलो. ४९ किलो गटात दोन प्रकारांत ८८ आणि १११ किलो, एकूण १९९. ब्राँझ एका किलोने गेलं. पुढे तासभर झोप लागली नाही. झोप ४ तास.

आज बेंच ६०, तीन दिवसांपूर्वीचंच वजन : १०, ९, ८, ७, ६. पन्नासच्या जागी चाळीस. बाकी काही बदललं नव्हतं, जेवणही तेच. रकाना होता म्हणून दिसलं. जूनमध्ये अशा सकाळी किती गेल्या असतील कोण जाणे, तेव्हा मी दोष छातीला देत होतो.

२३ ऑगस्ट

टप्पा संपला. शेवटचे आकडे : बेंच ६२.५ चे १०, १०, १०, १०, ९. स्क्वॉट ८७.५ चे पाचही सेट पूर्ण. कोपर गप्प आहे. यावेळी तपासणीआधी चार दिवस पूर्ण आराम.

२९ ऑगस्ट

बेंच ९०. गेला. वर जाताना मध्ये अडकला, स्पॉटरने (मदतीला उभा असलेल्याने) हात पुढे केले, पण लावले नाहीत. दोघांना विचारून खात्री केली. स्क्वॉट १२७.५. डेडलिफ्ट १५५. वजन ७५.८, दंड ३५.९, मांडी ५८.९.

आता खुशीत येऊन पाच सेटची आरती ओवाळावीशी वाटते, पण हिशेब तसा सरळ नाही. जूनमध्ये जमवलेलं काही ऑगस्टमध्ये फळाला आलं असणार. थकवा उतरला की मागचं दिसतं. झोप वाढली. यावेळची तपासणी आरामानंतरची, तेव्हाची थकव्यातली. आणि सहा आठवडे ६८ ते ७३ टक्क्यांवर काम केलं, म्हणजे जड बारची सवयही जास्त. यातलं कशाचं किती, हे एकाच माणसाच्या वहीतून सुटत नाही. तरी पुन्हा करायचं तर दहा बाय दहा दोन-तीन आठवड्यांपुरतंच करीन, तेही सुट्टीत, दुपारी झोपता येईल तेव्हा.

सप्टेंबरमध्ये बेंच आणि स्क्वॉट तीन-तीन रेपवर, जड. गणपतीचे दहा दिवस हलके, कारण मोदक आणि जागरण दोन्ही चुकत नाहीत.

२ सप्टेंबर

पोरगा आज पहाटे आला. रिपोर्ट नॉर्मल, डॉक्टरांनी हलकं सुरू करायला सांगितलंय. आईने रिपोर्टची प्रत माझ्याकडे पाठवली, आपणहून.

रॅकवर नुसता बार, २० किलो. तो म्हणाला, "दादा, एवढंच? लाज वाटते." मी त्याला डब्यातून दोन चिंचोके काढून दिले आणि बाकीचे आठ खिशात टाकले.